दादाचं अस्वल आणि ग्रीनलँडचे आठ दिवस

तिकीट खरं तर दादाचं. तीन वर्षं पैसे बाजूला टाकून त्याने स्वतःची आणि वहिनीची पश्चिम ग्रीनलँडची बोटसफर ठरवली होती. निघायला तीन महिने उरले असताना गुडघ्याने दगा दिला. ऑपरेशन पुढे ढकलता येईना आणि पैसे परत मिळेनात. "तू जा हिच्याबरोबर," दादा मला म्हणाला, "फक्त अस्वल दिसलं की फोटो टाक." माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर पांढरंशुभ्र अस्वल होतं. त्याने ते पत्रक फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं होतं.

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते, त्यामुळे बर्फापेक्षा बर्फाखालच्या दगडाचं मला जास्त अप्रूप. वहिनीला दोन्हीचं नाही. पण भरलेले पैसे वाया घालवणं तिच्या स्वभावात बसत नाही, म्हणून ती आली.

जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. ग्रीनलँड डेन्मार्कच्या राज्यात असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात, नाही. नुसता शेंगेन व्हिसा पुरत नाही, त्यावर ग्रीनलँडसाठी वैध असल्याचा वेगळा शेरा लागतो. अर्ज भरतानाच तो मागून घ्यायचा.

पहिला दिवस: कांगरलुस्सुआक

कोपनहेगनहून साडेचार तासांचं विमान. शेवटचा तासभर खिडकीखाली नुसता बर्फ. वर्गात मी दरवर्षी सांगते की हा थर सुमारे 17 लाख चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे साडेपाच महाराष्ट्र, आणि काही ठिकाणी तीन किलोमीटरहून जाड. आकडा तोंडपाठ होता, पण खिडकीतून तासभर तेच ते पांढरं बघेपर्यंत त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. वहिनी मध्ये एक झोप काढून उठली. "अजून तेच?" म्हणाली.

कांगरलुस्सुआक म्हणजे मोठा फ्योर्ड, डोंगरांत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. गाव मुळात अमेरिकन हवाई तळ, दुसऱ्या महायुद्धात 1941 साली बांधलेला. अमेरिकन 1992 मध्ये गेले, पण बराकी अजून तशाच आहेत. देशात शिरायचा दरवाजा अगदी अलीकडेपर्यंत हाच होता. नोव्हेंबर 2024 मध्ये राजधानी नूकला मोठी धावपट्टी सुरू झाली आणि जेमतेम पाचशे वस्तीचं हे गाव एकदम बाजूला पडलं. हमरस्ता गावाबाहेरून गेल्यावर जुन्या नाक्यावरच्या हॉटेलांना येते तशी कळा इथल्या कॅफेटेरियाला आली आहे.

बोटीवर चढण्याआधी बसने बर्फाच्या कडेपर्यंत नेतात. वाटेत कस्तुरी बैल दिसले. 1960 च्या दशकात ईशान्य ग्रीनलँडमधून 27 प्राणी आणून इथे सोडले होते, आता हजारोंनी आहेत. "घोंगडी पांघरलेला रेडा," वहिनीने निकाल दिला. नाव बैलाचं असलं तरी हा शेळ्या-मेंढ्यांचा भाऊबंद, हे मी सांगेपर्यंत तिने फोटो दादाला पाठवूनही टाकला. उत्तर आलं, "हे अस्वल नाही."

संध्याकाळी झोडियाक या रबरी होडीतून बोटीवर गेलो. झोडियाकमध्ये चढताना हातात हात द्यायचा नसतो. खलाशी आपलं मनगट धरतो, आपण त्याचं. एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. बोट रात्रभर फ्योर्डमधून समुद्राकडे निघाली. हा फ्योर्ड पुणे-मुंबई अंतरापेक्षा लांब आहे.

दुसरा दिवस: सिसिमिउत

ग्रीनलँडमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, लोकवस्ती साडेपाच हजार. लाल, पिवळी, निळी घरं खडकावर चढत गेलेली. निळं चर्च 1775 सालचं, आणि त्याच्या अंगणाची कमान देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची. फोटो सगळ्यांनी काढले, मीही काढला.

मला जास्त आवडला तो गावाबाहेरचा कुत्र्यांचा तळ. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आणि पूर्व किनाऱ्यावर स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांची जात शुद्ध राहावी म्हणून दुसरं कुठलंच कुत्रं पाळायला बंदी आहे. मोठी कुत्री साखळीला, पिल्लं मोकळी. हात लावायचा नाही, ती घरगुती नाहीत. आमची गाइड इलुलिसातची, म्हणजे आमच्या पुढच्या मुक्कामाची, विशीतली मुलगी. ती म्हणाली, कुत्र्यांची संख्या वर्षागणिक घटते आहे. समुद्रावरचा बर्फ उशिरा धरतो, लवकर सुटतो, आणि स्नोमोबिलला उन्हाळाभर मासे खायला घालावे लागत नाहीत.

वहिनीने तिला दादाचा प्रश्न विचारला: अस्वल दिसेल का? मुलगी हसली आणि म्हणाली, "इमाका." म्हणजे कदाचित. इथे बोट वेळेवर सुटेल का, उद्या ऊन पडेल का, या सगळ्याला हेच उत्तर. नंतर तिने खरं ते सांगितलं. अस्वलं राहतात दूर उत्तरेला आणि पूर्व किनाऱ्यावर, ऑगस्टमध्ये या बाजूला क्वचितच येतात. प्रत्येक उतरणीला एक जण खांद्यावर बंदूक लावून पुढे जातो, तो केवळ खबरदारी म्हणून. मग मुखपृष्ठावर तो फोटो कशाला, असं मी मोहीमप्रमुखाला विचारलं. तो खांदे उडवून दुसऱ्याशी बोलायला लागला.

तिसरा दिवस: इलुलिसात

पहाटे चार वाजता वहिनीने मला हलवून उठवलं. खिडकीबाहेर आमच्या सोसायटीच्या इमारतीएवढा हिमनग, गुलाबी उजेडात. त्यामागे दुसरा, त्यामागे आणखी. इलुलिसात या शब्दाचा अर्थच मुळी हिमनग. गावाला याहून सरळ नाव सुचलं नसतं.

हे सगळे येतात एका हिमनदीतून, सर्मेक कुयालेकमधून. जगातल्या सर्वांत वेगवान हिमनद्यांपैकी ही एक, जोरात असताना दिवसाला 40 मीटरपर्यंत सरकलेली. हिमनदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शतकांच्या हिशेबाने हलणारं काहीतरी येतं. ही तासाला दीड मीटर चालते. तिचे तुकडे फ्योर्डमध्ये पडतात आणि तोंडाशी अडकतात, कारण तिथे पाण्याखाली जुन्या हिमनदीने टाकलेल्या दगडगोट्यांचा उंबरठा आहे. मोठे नग त्यावर बुड टेकून बसतात. झिजले, फुटले की मागून येणारे त्यांना ढकलतात आणि ते बाहेर पडतात. बाहेर पडल्यावरही थेट दक्षिणेला जात नाहीत. प्रवाह त्यांना आधी उत्तरेला नेतो, बॅफिनच्या उपसागराला वळसा घालून मग कॅनडाच्या किनाऱ्याने खाली आणतो. 1912 साली टायटॅनिकला भेटलेला हिमनग बहुधा इथलाच. हा फ्योर्ड 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

गावाबाहेर लाकडी पायवाटेने सर्मर्मिउतला गेलो. चार हजार वर्षांत इथे तीन वेगवेगळ्या संस्कृतींची माणसं राहून गेली, शेवटची वस्ती 1850 मध्ये उठली. आता गवत आहे आणि गवताखाली त्यांचा उकिरडा: सीलची हाडं, काळी माती, शिंपले. समुद्राच्या बाजूला भलामोठा फलक लावलाय, किनाऱ्यावर उतरू नका, हिमनग कलंडला की अचानक लाट येते, जीव जाईल. फलकाच्या पलीकडे समुद्र इतका शांत होता की एका सहप्रवाशाला तो फलक विनोद वाटला. गाइड त्याच्यावर जी खेकसली, ती पूर्ण आठवड्यात एकदाच.

थोडं पुढे एक घळ आहे. दुष्काळात, शिकार मिळेनाशी झाली की म्हाताऱ्या बायका इथून स्वतःला खाली झोकून देत, असं सांगतात. वहिनी कठड्याशी जाऊन खाली बघून आली. "म्हातारेही उडी मारत का गं?" तिने विचारलं. गाइडने मान हलवली, गोष्टीत फक्त बायकाच आहेत. "वाटलंच," वहिनी म्हणाली आणि चालायला लागली.

दुपारी आर्क्टिकचा शोधप्रवासी क्नुड रासमुसेन याच्या जन्मघरात गेलो. 1879 मध्ये तो इथे पाद्र्याच्या घरी जन्मला, आईकडून इनुइट, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं, रक्त, खेळगडी सगळे इथलेच. पुढे 1921 ते 1924 च्या मोहिमेत तो कुत्र्यांच्या गाडीने कॅनडाचा उत्तर किनारा ओलांडून पार अलास्कापर्यंत गेला, आणि हजारो मैल त्याला आपली बालपणीची भाषा पुरली. आपल्याकडे सावंतवाडीहून गोंदियाला जाईस्तोवर शब्द बदलतात!

बाजारात सीलचं मांस, हॅलिबट मासे, आणि मत्ताक. मत्ताक म्हणजे देवमाशाची कातडी आणि तिच्याखालची चरबी, कच्ची, बारीक चौकोनी तुकड्यांत. भाजीपाला नसलेल्या या प्रदेशात माणसांना 'क' जीवनसत्त्व त्यातून मिळायचं. वहिनी शाकाहारी, ती चार पावलं मागे सरकली. मी कोकणातली, मला न खाऊन चालणार नव्हतं. दाताखाली ओल्या खोबऱ्यासारखं, चावून चावून संपत नाही, चव मंद, माशाच्या तेलाची. दुसरा तुकडा घेतला नाही, एवढं सांगते.

चौथा दिवस: एकिप सर्मिया, म्हणजे जवळजवळ

ठरलं होतं एकिप सर्मिया हिमनदीसमोर उभं राहून कडे कोसळताना बघायचं. सकाळी धुकं, आणि धुकं उठलं तेव्हा समोर बर्फाचा लगदा. बोट पुढे जाईना. लोक चिडले. मोहीमप्रमुखाने दूरवरच झोडियाक उतरवल्या, तेवढंच.

पण माझ्या लक्षात राहिलाय तो हाच तास. चालकाने इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. आधी काहीच नाही. मग सगळीकडून, पाण्यातून, तडतड. कढलेल्या तेलात मोहरी टाकावी तशी, पण बारीक, न थांबणारी, समुद्रभर. बर्फात हजारो वर्षांपूर्वीची हवा दाबाखाली अडकलेली असते. बर्फ वितळला की एकेक बुडबुडा फुटतो. चालकाने ताटाएवढा एक स्वच्छ, काचेसारखा तुकडा उचलून वहिनीच्या हातात दिला. तिने तो कानाशी धरला. हातमोजा भिजला, बाही भिजली, तरी दहा मिनिटं तिने तो सोडला नाही. दुरून एकदा ढगासारखा गडगडाट झाला. कडा पडला होता, आम्हाला दिसला नाही. चारेक मिनिटांनी झोडियाक हलकेच वर उचलली गेली आणि खाली बसली.

पाचवा दिवस: किलाकित्सोक आणि उम्मानाक

किलाकित्सोक म्हणजे जिथे आभाळ खाली आहे. तिथे पुढे झुकलेला एक कातळ आहे. 1972 मध्ये तित्तिरासारखे पक्षी मारायला आलेल्या दोन भावांना त्याच्याखालचे दगड कोणीतरी रचल्यासारखे वाटले. त्यांनी ते उचलले. खाली आठ जणं होती, सहा बायका आणि दोन मुलं, साधारण 1475 सालची. थंड कोरड्या वाऱ्याने वाळून टिकलेली, अंगावर सीलची आणि पक्ष्यांच्या कातडीची शिवलेली वस्त्रं शाबूत. सर्वांत लहान बाळ सहा महिन्यांचं. सगळे आता नूकच्या संग्रहालयात आहेत, इथे उरलंय ते रिकामं दगडांचं घर. आत डोकावू नका असं सांगितलेलं असूनही निम्म्यांनी डोकावलं. मीही.

दुपारी उम्मानाक. बेटावर 1,170 मीटर उंच, हृदयाच्या आकाराचा डोंगर, आणि त्याच्या पायाशी खडकाला चिकटलेलं गाव. डेन्मार्कमधल्या मुलांच्या लेखी सांताक्लॉज इथेच राहतो. बोटीवरचे लोक त्याची झोपडी शोधायला गेले. मी मात्र एका वेगळ्या गोष्टीसाठी गाइडला धरलं. 17 जून 2017 रोजी याच फ्योर्डसमूहातल्या कार्रात फ्योर्डमध्ये डोंगराचा कडा समुद्रात कोसळला आणि उठलेली लाट नूगात्सिआक या गावावर गेली. चार माणसं गेली, अकरा घरं वाहिली. आणखी कडे सुटायची भीती असल्याने गाव कायमचं रिकामं केलं आणि बरेच जण उम्मानाकला येऊन राहिले. वर्गात आम्ही माळीण शिकवतो, आता तळिये आणि इर्शाळवाडीही. गाइडने हाताने दोन-तीन घरं दाखवली, नावं सांगितली नाहीत. मीही विचारली नाहीत.

संध्याकाळी दादाचा संदेश: "आज?" वहिनीने एका शब्दात उत्तर दिलं, "इमाका."

सहावा दिवस: केकर्तारसुआक

ज्या दिवसासाठी मी आले होते तो हा दिवस. डिस्को बेट, इथल्या भाषेत केकर्तारसुआक, पहाटे धुक्यातून वर आलं आणि मला क्षणभर वाटलं, मी माळशेज घाटात आहे. सपाट माथे, पायऱ्या पायऱ्यांचे उभे कडे, त्यातून खाली येणारे पाण्याचे धागे. हा बेसाल्टच, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. आपला सह्याद्री त्याच्याहून थोडा वडील, 6.6 कोटींचा. सह्याद्रीच्या या थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दही उत्तरेकडचाच, स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलेला.

कुआनितच्या किनाऱ्यावर बेसाल्टचे खांब आहेत, अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीसारखे, फक्त इथे ते वाकलेत, वळलेत, आणि त्यांच्या बेचक्यांतून ओल्या हिरव्या कुआन्नची झाडं उगवलीत. झाडाच्या देठाला ओव्याच्या जवळपासचा वास. मी खडकाला हात लावून उभी राहिले. वहिनी म्हणाली, "एवढे पैसे भरून आपल्या घाटात आलो की आपण."

नॉर्डेनशॉल्ड या शोधप्रवाशाने 1870 मध्ये याच बेटावर शुद्ध लोखंडाचे धोंडे शोधले, सर्वांत मोठा 22 टनांचा. त्याला ते आकाशातून पडलेले वाटले. प्रत्यक्षात ते इथल्याच लाव्ह्यातले होते. वर येताना तो कार्बन असलेल्या थरांतून आला आणि त्यात लोखंड मोकळं झालं. पृथ्वीवर असं फार थोड्या जागी होतं. एक खडा खिशात टाकायचा मोह झाला होता. पण बेटावरून काहीही उचलायचं नाही असा नियम, आणि बोटीत शिरताना बुटांचे तळवेसुद्धा ब्रशने घासून घेतात.

परतताना कुबड्या देवमासे भेटले, तीन. झोडियाकच्या वीसेक मीटरवर एकाने श्वास सोडला आणि वारा आमच्याकडे होता. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास! मला एकदम घरी आल्यासारखं झालं, वहिनीने नाकाला मफलर लावला. मग पाठ गोल झाली, शेपूट उभी वर आली, तिच्या खालच्या बाजूची पांढरी नक्षी दिसली आणि सावकाश बुडाली. ती नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, संशोधक त्यावरूनच मासा ओळखतात. इथले लोक यांची शिकारही करतात, आंतरराष्ट्रीय आयोगाने ठरवून दिलेल्या मर्यादेत. जेवणाच्या टेबलावर त्यावरून वाद झाला. सर्वांत जोरात बोलणारा गृहस्थ त्या वेळी स्टेक कापत होता.

सातवा दिवस: इतिल्लेक

वस्ती शंभरच्या आत. बोटीवर आम्ही 120. सगळ्यांना एकाच रंगाचे पिवळे अंगरखे दिलेले, त्यामुळे उतरलो ते टोळधाडीसारखेच. मला पहिल्यांदाच लाज वाटली. एका बाईने दोरीवर कपडे वाळत घातले होते. आमच्यातला एक जण त्यांचे फोटो काढत होता. सायकलवरच्या मुलाने मोबाइल काढला आणि वहिनीचे फोटो काढायला सुरुवात केली, आधी समोरून, मग बाजूने. वहिनीने पदर सावरावा तसा मफलर सावरला आणि उभी राहिली.

गावात गाड्या नाहीत, रस्ता नाही. नळ घरोघर नाहीत. एक पाण्याचं घर आहे, तिथून कॅन भरून न्यायचे. एकच दुकान, त्यात बंदुकीच्या गोळ्यांपासून कांद्यापर्यंत सगळं.

काफेमिक म्हणजे घरी बोलावून कॉफी आणि केक. वाढदिवस असो, मुलाचा शाळेचा पहिला दिवस असो, दार उघडं असतं. लोक येतात, खातात, उठतात, पुढच्याला जागा देतात. आम्हाला पाळीपाळीने पाठवलं. आमच्या वाट्याला सत्तरीच्या आजी आल्या. दारात बूट काढायचे, हे बघून वहिनीला तिथेच घर आवडलं. भिंतीवर इंचभर जागा नाही, सगळे फोटो. मधला नवा होता: नातीचा शाळेचा पहिला दिवस, त्याच आठवड्यातला. गळ्याभोवती खांद्यापर्यंत रुंद मण्यांची जाळी, सीलच्या कातडीचे उंच बूट. युरोपने 2009 मध्ये सीलच्या वस्तूंवर बंदी आणली. इनुइटांना सूट दिली, पण बाजार पडला तो पडलाच. नातीचे बूट आजींनीच शिवलेले. वहिनीने फोटोजवळ जाऊन टाके बघितले आणि हाताने खूण केली, फार सुंदर. तिला शिवणातलं कळतं.

आजी कलालिसुतमध्ये बोलायच्या, गाइड इंग्रजीत सांगायची, मी मराठीत.

"तुमच्या गावात किती माणसं?"

"आमच्या सोसायटीतच साडेचारशे," वहिनी म्हणाली.

आजींनी डोळे मोठे केले. "सगळ्यांना ओळखता?"

"पार्किंगवरून भांडण झालंय तेवढ्यांना."

हे तीन भाषांतून पलीकडे पोचायला थोडा वेळ लागला. पोचल्यावर आजी इतक्या हसल्या की त्यांनी वहिनीच्या गुडघ्यावर थाप मारली आणि केकचा आणखी एक तुकडा वाढला. बाहेर पुढची पिवळी पाळी उभी होती, उठावं लागलं. 'कुयानाक' म्हणजे धन्यवाद, तेवढं वहिनीने स्वतः म्हटलं.

मग फुटबॉल, गाव विरुद्ध बोट, दगडमातीच्या मैदानावर. गावाने सात, आम्ही एक. आमचा एकही बहुधा त्यांनी करू दिला.

आठवा दिवस: परत

कांगरलुस्सुआकच्या विमानतळावरच्या दुकानात तुपिलाक दिसले, हाडाचे वीतभर पुतळे, बाहेर आलेले दात, वटारलेले डोळे. पूर्वी मांत्रिक हाडं, कातडी, केस एकत्र करून तुपिलाक बनवत आणि शत्रूला मारायला समुद्रात सोडत. शत्रूची विद्या वरचढ निघाली तर तो उलटून मालकावरच येई. खरा तुपिलाक कोणी बघायचा नसतो. गोऱ्या पाहुण्यांनी फारच आग्रह धरला तेव्हा लोक त्याच्या आकृत्या कोरून दाखवू लागले. घ्यायचाच तर रेनडिअरच्या शिंगाचा घ्या. देवमाशाच्या दाताचा किंवा नार्व्हल जातीच्या देवमाशाच्या सुळ्याचा विमानतळावर अडकतो.

वहिनीने शिंगाचा एक निवडला, लठ्ठसा, चार पायांवर उभा, तोंड उघडं.

दादाचा गुडघा आता बरा आहे. तुपिलाक त्याच्या टीव्हीशेजारी आहे. रात्री झोपताना वहिनी त्याचं तोंड भिंतीकडे करते, सकाळी दादा ते परत फिरवतो. आल्यागेल्याला तो सांगतो, ग्रीनलँडचं अस्वल. परवा शेजारच्या काकांना शंका आली. "हे अस्वल आहे?" त्यांनी विचारलं.

"इमाका," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.